कष्टाच्या जनावरांवर मोफत उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही पशुवैद्यक आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी आहोत. गळीत हंगामात सांगली, सातारा, कोल्हापूर पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्यांच्या तळावर जाऊन बैलांवर मोफत उपचार करतो, आणि मध्ये वेळ मिळेल तसा वीटभट्ट्यांवरच्या गाढवांकडे जातो. गाडीवान, शहरातून फोन करणारी माणसं, देणगीदार, नवे विद्यार्थी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

उपचार खरंच मोफत आहेत का? नंतर मुकादमाच्या खात्यावर तर लागणार नाहीत ना?

खरंच मोफत आहेत आणि कुणाच्याही खात्यावर लागणार नाहीत. तळावर पाय ठेवला की हाच प्रश्न पहिला येतो, आणि तो रास्त आहे. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरहून येणारी जोडपी हंगामाआधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतात. पुष्कळदा बैलजोडीच त्या उचलीतून घेतलेली असते. मग सहा महिने जे काही मिळतं ते आधी उचलीत वळतं होतं. अशा माणसाला कुणी येऊन ‘फुकट इंजेक्शन देतो’ म्हटलं तर त्याने दहा वेळा विचारलंच पाहिजे.

आमच्या वहीत बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, मालकाचं नाव, गाव आणि आजार एवढंच लिहिलं जातं. ती वही आम्ही कारखान्याला किंवा मुकादमाला दाखवत नाही.

कुठली जनावरं तपासता?

जी ओढतात, वाहतात ती: टायरगाडीचे बैल, हेले (रेडे), भट्टीवरची गाढवं, खेचरं, टांग्याचे घोडे. दुभत्या गाई-म्हशींसाठी गावचा सरकारी दवाखाना आहे. पण तळावर कुणाची शेळी अडली असेल तर ती बघूनच पुढे जातो.

सरकारी दवाखाना असताना तुमची गरज काय?

सरकारी यंत्रणा कामाची आहे आणि आम्ही तिच्याशी जोडून घेऊनच काम करतो. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन केला की फिरतं पशुचिकित्सा पथक येतं. हा नंबर प्रत्येक गाडीवानाने पाठ करावा.

अडचण वेळेची आहे. गाडीवान पहाटे तीनला उठतो. नवरा-बायको फडात ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात, मग कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांग लागते. गाडी खाली करून खोपीवर यायला कधी संध्याकाळ, कधी रात्र. दवाखाना उघडा असतो त्या वेळात बैल जुंपलेला असतो. म्हणून आम्ही रात्री आठनंतर बॅटरीच्या उजेडात तळावर जातो.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा द्यायची असते. २०१९ पासून देशभरात त्याचा मोठा सरकारी कार्यक्रम चालू आहे. पण लसीकरणाची फेरी गावात येते तेव्हा बैल तीनशे किलोमीटर लांब कुठल्यातरी फडात असतो, आणि इथल्या यादीत त्याचं नाव नसतं. २०२२ मध्ये लम्पी हा जनावरांच्या कातडीवर गाठी आणणारा साथीचा रोग आला तेव्हा अशा दोन्हीकडून सुटणाऱ्या जनावरांची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटली. म्हणून आमचा आग्रह असा की गाव सोडण्याआधी, दसऱ्याच्या आसपास, लाळ्या खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी घेऊनच निघा. लस घेतल्याबरोबर रोगाशी लढायची ताकद अंगात येत नाही, पंधरा-वीस दिवस लागतात. इथे आल्यावर घेतली तर तेवढे दिवस बैल उघड्यावरच राहतो.

बैलाच्या खांद्याला सूज आली आहे. काय करू?

आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारं दुखणं हेच. वशिंडाच्या पुढे, जू टेकतं तिथे मान सुजते, गरम लागते, हात लावू देत नाही. ही खांदेसूज.

पहिल्या दिवशी गार पाण्याची धार धरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मिठाच्या गरम पाण्याने शेक द्या, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. पाणी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच गरम. वरून मॅगसल्फ आणि ग्लिसरीनचा लेप. सूज उतरवायचं इंजेक्शन आम्ही देतो. मध्येच गाठ मऊ पडली, बोटाने दाबून दबायला लागली, तर आत पू झालाय. ती ब्लेडने घरी फोडू नका. त्या भागात मोठ्या शिरा आहेत, आणि तळावरच्या शेणामातीत उघडी जखम दोन दिवसांत किड्यांनी भरते. दुर्लक्ष झालं तर सूज घट्ट होत जाऊन आवाळू, म्हणजे कायमची कडक गाठ, बनतं. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती हंगाम संपल्यावरच करता येते, कारण नंतर महिनाभर तरी जू ठेवता येत नाही.

कारण शोधल्याशिवाय मात्र शेकून उपयोग नाही. जोडीतला एक बैल उंच, एक बुटका असेल तर जू तिरपं बसून एकाच खांद्यावर भार येतो. जुवाची खालची बाजू खडबडीत किंवा अरुंद असेल तर ती कातडीत रुतते. गाडी भरताना मोळ्या पुढे जास्त पडल्या तर सगळं वजन मानेवर, मागे जास्त पडल्या तर गाडी उलाळ होऊन (पुढून वर उचलली जाऊन) गळपट्टा गळ्याला फास लावतो. आम्ही तळावर रंधा आणि काचपेपर घेऊन जातो. अर्ध्या तासात जू घासून गुळगुळीत करता येतं, आणि हे काम औषधापेक्षा जास्त बैल वाचवतं असं माझं अनुभवाचं मत आहे.

जुवाखाली पोतं बांधत असाल तर ते रोज धुऊन वाळवा. मागच्या हंगामात एका मामांनी बैलाच्या मानेवरचं पोतं सोडायला घेतलं तर ते सुटेना. घाम, रक्त आणि उसाचा पाचोळा वाळून त्याचं कातडीशी एकजीव खरपूड झालं होतं. कोमट मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून वीस-पंचवीस मिनिटं आम्ही ते थेंबाथेंबाने भिजवत होतो. तेवढा वेळ मामा बैलाच्या कानामागे खाजवत ‘झालं रं राजा, झालं’ म्हणत उभे होते. पोतं निघालं तेव्हा खाली तळहाताएवढी जागा कातडीविना होती. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला आणि बैलाच्या डोळ्यांवर धरला, म्हणजे औषध लावताना त्याला आमचे हात दिसू नयेत.

आठ दिवस विश्रांती द्या म्हणता. गाडी बंद ठेवून खायचं काय?

हा प्रश्न मला सुरुवातीची काही वर्षं समजलाच नव्हता. एका गाडीवानाला मी खडसावून सांगितलं, आठ दिवस बैल जुंपायचा नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर तोच बैल, मानेवर माझ्या जांभळ्या स्प्रेचा डाग, गाडीला. मी थांबून रागावलो. ते म्हणाले, “डॉक्टर, बैल बसला तर जोडी बसली, जोडी बसली तर कोयता बसला. पोरं बसून ऱ्हात न्हाईत, त्यास्नी भूक लागती.”

कोयता म्हणजे एकत्र ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. त्यांच्या बोलण्यात निर्दयपणा नव्हता, हिशेब होता. तेव्हापासून आमच्या कामाची घडी बदलली. औषध फुकट देणं सोपं असतं. बैलाला लागणारं सगळ्यांत महागडं औषध म्हणजे रिकामे दिवस, आणि ते आम्ही कुणाला फुकट देत नव्हतो. आता खांदेसूज, लंगडेपणा किंवा मोठी जखम असेल तर जवळच्या शेतकऱ्याचा बैल भाड्याने घेऊन जोडीला लावून देतो. भाडं आम्ही भरतो. ते जमलं नाही तर टोळीतल्या लोकांशी बोलून त्या कोयत्याला तेवढे दिवस दुसऱ्याच्या गाडीसाठी तोडणीवर घेतात का बघतो. बहुतेक वेळा घेतात. आजारी बैलाच्या वैरणीचाही भार उचलतो.

पत्री किती दिवसांनी मारायची?

डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलाची पत्री, म्हणजे खुराला ठोकलेला नाल, महिनाभरात झिजते, कधी त्याआधीच. खिळा वर आला किंवा पत्री हलली की लगेच नालबंदाकडे जा. सैल पत्री ही नसलेल्या पत्रीपेक्षा वाईट. पत्री मारल्यावर दुसऱ्या दिवशी बैल लंगडत असेल तर खिळा आतल्या जिवंत भागाला लागला असण्याची दाट शक्यता आहे. तो त्याच दिवशी काढायला हवा.

पत्री मारायला बैल पाडताना मऊ जमीन बघा, शिंगाखाली पोतं ठेवा, आणि नुकतं पोटभर खाल्लेला बैल पाडू नका.

डाग दिला तर लवकर बरं होतं म्हणतात.

होत नाही. तापल्या विळ्याने डागल्यावर बैल दोन दिवस मूळ दुखणं विसरल्यासारखा वागतो, कारण नवीन दुखणं मोठं असतं. वर भाजल्याची जखम होते ती वेगळीच. तीच गोष्ट जखमेवर काळं ऑइल किंवा फिनाइल ओतण्याची. किडे मरतात हे खरं, पण त्यासोबत भरून येणारं मांसही मरतं. किडे पडले असतील तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ ठेवून, किडे चिमट्याने एकेक काढून, जखम धुऊन मलम लावायचं. वेळखाऊ काम आहे, आमची मुलं बसून करतात.

आजोबांपासून चालत आलेलं सगळंच चूक असंही नाही. हळद, शेक, पायाला गार चिखल, यांचा उपयोग होतो आणि आम्ही तो सांगतोही.

नुसत्या वाढ्यांवर बैल खंगतो का?

खंगतो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात म्हणून हंगामभर तेच पुढे टाकलं जातं. पोट भरतं, पण वाढ्यातलं ऑक्झॅलेट शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवतं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत बैलाच्या फासळ्या मोजता येतात. उपाय स्वस्त आहे: कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, रोज क्षार मिश्रण द्या, आणि जमेल तशी थोडी कडब्याची आणि पेंडीची जोड द्या. क्षार मिश्रणाची पिशवी आम्ही देतो. पाण्याचंही तेच. कष्टाच्या बैलाला दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवा. काट्यावरच्या रांगेत गाडीला टेकू लावून, बैल सोडून, बादलीभर पाणी पाजलं तर संध्याकाळी फरक दिसतो.

इंजेक्शन कुठलं देता? गावातल्या एकाने दिलेल्या इंजेक्शनने बैल लगेच उठला होता.

आम्ही वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम वापरतो. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या देशातली गिधाडं त्यानेच जवळपास संपली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. माणसांचं डायक्लोफिनॅक बैलाला टोचणारे अजून भेटतात. मालकाला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून आम्ही प्रत्येक तळावर सांगतो. बहुतेकांनी लहानपणी गावाबाहेर गिधाडं पाहिलेली असतात. ती कुठे गेली हे कळल्यावर लोक गप्प होतात.

रस्त्यात जखमी बैल गाडीला जुंपलेला दिसला. पोलिसांत तक्रार करू का?

कायदा तुमच्या बाजूने आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आजारी, जखमी जनावर कामाला लावणं गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणे ओढकाम करणाऱ्या जनावराकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही, आणि खिळ्याची काठी वापरता येत नाही. हे नियम मी गाडीवानांनाही वाचून दाखवतो, आणि खिळ्याची काठी दिसली तर ती मागून घेतो. खिळा काढून काठी परत देतो.

पण आधी थांबून गाडीवानाशी बोला. “दादा, बैलाला लागलंय, डॉक्टरला बोलावू का?” एवढं विचारलं तरी दहातले आठ जण हो म्हणतात. १९६२ ला फोन करा. फोटो काढून समाजमाध्यमांवर माणसाचा चेहरा फिरवू नका. त्याने बैल बरा होत नाही, आणि पुढच्या वेळी तो माणूस जखम झाकून ठेवतो. झाकलेली जखम आमच्यापर्यंत पोचत नाही. कुणी मुद्दाम छळतंय, मारतंय, सांगूनही ऐकत नाही, तर तक्रार जरूर करा, आम्ही सोबत येतो.

त्यापेक्षा बैल विकत घेऊन सोडवत का नाही?

हे विचारणाऱ्यांचा जीव तुटत असतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १९३० मध्ये डोरोथी ब्रूक नावाची एक इंग्रज बाई कैरोत आली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने आपले हजारो घोडे तिथेच विकून टाकले होते, आणि ते आता म्हातारे होऊन गाड्या ओढत होते. तिने वर्तमानपत्राला पत्र लिहून पैसे उभे केले आणि पुढच्या काही वर्षांत असे ५००० घोडे विकत घेतले. बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच हातात होतं. लष्कराचे घोडे पुन्हा येणार नव्हते, म्हणून तिथे विकत घेण्याला अर्थ होता. पण कैरोतल्या गरीब मालकांच्या बाकीच्या जनावरांचं काय? त्यांच्यासाठी तिने १९३४ मध्ये मोफत दवाखाना काढला. ती संस्था आजही चालू आहे आणि भारतातही काम करते.

आम्ही एक बैल विकत घेतला तर गाडीवान त्या पैशातून दुसरा आणतो, बहुधा आणखी स्वस्त आणि आणखी म्हातारा. गाडीला बैल लागणारच आहे. म्हणून आहे तोच बैल धडधाकट राहावा यावर आम्ही पैसा खर्च करतो. अगदी थकलेल्या बैलासाठी मात्र मालकाच्या संमतीने निवाऱ्याची सोय शोधतो. सांगली-सोलापूर भागात ‘अ‍ॅनिमल राहत’सारखी संस्था बरीच वर्षं हे काम करते आहे.

ट्रॅक्टर आलेत. हे काम आपोआप संपेल ना?

कमी होतंय. पण अरुंद पाणंद, ओली सरी, छोटा फड, तिथे अजून टायरगाडीच जाते. तोवर बैलाचा भार हलका करण्याचे उपाय हवेत. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ‘सारथी’ नावाने जुवाखाली एक आधाराचं चाक बसवलं होतं, म्हणजे मानेवरचं वजन जमिनीवर जाईल. मला ती कल्पना फार मोलाची वाटते. आम्ही स्वतः गाडीच्या मागे आणि जुवाला रेडियमच्या पट्ट्या लावून देतो. पहाटेच्या अंधारात मागून ट्रक धडकून गेलेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत.

गाढवांसाठी वेगळं काय करता?

गाढव दुखणं दाखवत नाही. पाठ सोललेली असली तरी मुकाट उभं राहतं, म्हणून ‘याला काही होत नाही’ असा समज झालाय. कान पडलेले, खाणं कमी, कळपापासून बाजूला उभं, एवढ्यावरून ओळखावं लागतं. नियमाने गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा जास्त ओझं नको. भट्टीवर कच्च्या विटा मोजून बघा, किती जास्त होतं ते कळेल.

गाढव-घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. छोटीशी जखम असली तरी धनुर्वाताची लस आम्ही देतोच. पाठीवरच्या गाद्या शिवून देण्याचं काम भट्टीवरच्याच बायका करतात, कापूस आणि कापड आम्ही आणतो. त्या गाद्या आम्ही आणलेल्या तयार गाद्यांपेक्षा चांगल्या बसतात, कारण कुठल्या गाढवाची पाठ कशी आहे हे त्यांना ठाऊक असतं.

२०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाखांच्या वर गाढवं होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजारांच्या आसपास उरली. जी आहेत ती बहुतेक वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार कुटुंबांकडे आहेत, ज्यांच्या दारात डॉक्टर क्वचितच जातो.

बैल बसला आहे आणि उठत नाही. तुम्ही त्याला मारून टाकाल का?

आधी सगळे प्रयत्न होतात: सलाईन, कॅल्शियम, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, पोटाखाली पाचटाची जाड गादी. काही बैल चौथ्या दिवशीही उठलेले आहेत. पायाचं हाड मोडून बाहेर आलं असेल, शिंगाचा कर्करोग मेंदूपर्यंत गेला असेल, म्हणजे वाचण्याची आशाच नसेल, तर दयामरणाबद्दल बोलावं लागतं. ते आधी गुंगी देऊन, वेदना न होता करतात. मालकाने हो म्हटल्याशिवाय आम्ही ते करत नाही, आणि मालकाच्या बायकोलाही विचारतो. वैरण-पाणी बहुतेक तीच करत असते.

शिंगाचा कर्करोग लवकर ओळखला तर शिंग काढून बैल वाचतो. बैल सारखी मान हलवत असेल, एक शिंग झुकलं असेल, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. पोळ्याला शिंगं खोल साळू (तासू) नका.

मला मदत करायची आहे.

पैसे द्यायचे असतील तर विश्रांतीच्या भाड्यासाठी द्या, तिथे नेहमी कमी पडतात. वस्तू द्यायच्या असतील तर क्षार मिश्रण, जाड सुती कापड, बॅटऱ्या. घरातली उरलेली माणसांची औषधं नकोत. पशुवैद्यकीय विद्यार्थी असाल तर चौथ्या वर्षानंतर या. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच काम करावं लागेल, आणि पहिले दोन दिवस फक्त बैल धरायचा आणि मालकाचं ऐकायचं.

शिबिराला बैल आणताना काय करू?

जोडीतले दोन्ही बैल आणा, एकटा आणलेला बिथरतो. जू सोबत आणा, तेही बघायचं असतं. सकाळी जखमेवर काही लावू नका. रोज बैलाला हाताळणारं माणूस सोबत हवं. घरातलं लहान पोर असेल तरी चालेल, पुष्कळदा बैल त्याचंच ऐकतो. आणि रात्री उशीर झाला तरी या. तळावरचा शेवटचा बैल तपासून झाल्याशिवाय आम्ही गाडी सुरू करत नाही.